उर्वशीची तहान

त्या साली पराटी, म्हणजे कपाशी, कमरेच्या वर गेलीच नाही. मृगात पाऊस बरा पडला, मग आषाढभर आभाळ पांढरंफटक राहिलं. पोळ्याच्या सुमारास चार सरी आल्या, तेवढ्यावर झाडांनी कशीबशी बोंडं धरली. लोणाडीच्या शिवारात भगवानरावांचं वावर डांबरी रोडाला लागूनच होतं. एरवी तिथली पराटी अशी माजायची की आत शिरलेल्या बाईचं डोकंही दिसू नये. यंदा नेरच्या एसटीत बसलेल्या माणसाला खिडकीतनं वेचणाऱ्या बायका एकेक करून मोजता आल्या असत्या.

वेचणीच्या पहिल्या दिवशी वावराच्या कडेच्या धुऱ्यावर उभं राहिल्याबरोबर रुखमाबाईला ते कळलं. मालकाची नजर बोंडांवर होती, तिची आडोशावर. पंचवीस वर्षं ती या वावरात वेचायला येत होती. बौद्धपुऱ्यातल्या अकरा बायका तिच्या हाताखाली यायच्या, कोणी कोणती पात, म्हणजे झाडांची ओळ, धरायची ते तीच सांगायची. वावराच्या पलीकडे नाला होता आणि नाल्याच्या काठानं बाभळीचं दाट बन. पराटी लहान असली की बायका तिकडे जायच्या. पण रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं फार मातली म्हणून भगवानरावांनी यंदा चारी बाजूंनी विजेच्या झटक्याची तार ओढली होती. पिवळ्या दोऱ्यासारखी ती तार नाल्याच्या अंगानं सरळ पुढे गेलेली दिसत होती. रोडाकडलं फाटक सोडलं तर तिला कुठंच वाट नव्हती.

विमलताईंनी, म्हणजे भगवानरावांच्या बायकोनं, धुऱ्याजवळच्या पहिल्या झाडाला हळदीकुंकू लावलं, दहीभाताचा नैवेद्य ठेवला आणि वेचणी सुरू झाली. रुखमाबाईनं सुनेला आपल्या शेजारची पात दिली. कापूस भरायची ओटी कमरेला कशी बांधायची, बोंडाला धक्का न देता तीन बोटांनी कापूस कसा ओढायचा, बोंडाच्या वाळलेल्या नख्यांनी बोटं फाटू नयेत म्हणून हात कसा वळवायचा, हे सगळं दाखवलं. आणि मग आवाज खाली घेऊन सांगितलं,

"सकाळचा चहा झाला का मंग पाणी नोको पेऊ. दुपारी भाकरीसंगं दोन घोट. बाकीचं घरी गेल्यावर."

"आन तहान लागली तं?" उर्वशीनं विचारलं.

"लागते. मंग तिची ते मरते."

रुखमाबाई हे काही खाष्टपणानं बोलली नव्हती. ती या घरात नवरी होऊन आली तेव्हा तिच्या सासूनं तिला हेच सांगितलं होतं, आणि वर तंबाखूची चिमूट हातावर ठेवली होती. तंबाखू दाढेखाली धरला की तोंड ओलं राहतं, भूकही दबते. सुनेला मात्र तिनं तंबाखू दिला नाही. पोरीला पाचवा महिना लागला होता.

उर्वशी कळंबकडची. बारावीपर्यंत शिकलेली. बापाच्या दारातच हातपंप होता, त्यामुळे तांब्या तोंडाला लावला की रिकामा करूनच खाली ठेवायची सवय. उन्हाळ्यात रोशनशी लग्न होऊन आली तेव्हा रुखमाबाईला तिच्या पाणी पिण्याचं हसूच यायचं. पुऱ्यातल्या नळाला दोन दिवसाआड पाणी, आणि ही पोरगी एकटीच अर्धी घागर संपवते, असं ती उकंडाला, आपल्या नवऱ्याला, कौतुकानंच सांगायची. उकंडा आणि रोशन दोघंही नेरच्या जिनिंगमध्ये कामाला होते. सकाळच्या गाडीनं जायचे, दिवस मावळता यायचे. कपड्यांवर, भुवयांवर कापसाची लव घेऊन.

सासूचं बोलणं उर्वशीनं ऐकलं, पण दुसऱ्या दिवशी दहा वाजता तिला राहवेना. ऊन तापलं होतं, तिनं बाटलीतलं पाणी पिऊन टाकलं होतं आणि तासाभरात तिला कळ आवरेना. वावरात कापूस न्यायला आणलेली बैलबंडी सोडून ठेवलेली होती. ती बंडीच्या आड जाऊन बसली. नेमकी त्याच वेळी रोडावर एसटी थांबली. पुढं म्हशींचा कळप आडवा आला होता. बंडीचा आडोसा उभ्या माणसापुरता होता, एसटीची खिडकी त्याहून उंच. आधी कोणीतरी शीळ घातली, मग दोघं-तिघं हसले. उर्वशीला उठताही येईना आणि बसताही येईना. म्हशी सावकाश निघाल्या. गाडी गेल्यावर ती खाली मान घालून परत आली, तेव्हा तिच्या लुगड्याचा काठ ओला होता. अकराही बायका झाडांवर वाकून वेचत राहिल्या. कोणी तिच्याकडे बघितलं नाही. तेवढंच त्यांना तिच्यासाठी करता येण्यासारखं होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर उर्वशीनं अंगावरचं लुगडं धुतलं, पिळलं, पुन्हा धुतलं. रुखमाबाई चुलीपुढनं बघत होती. मग तिनं सुनेच्या हातातनं ते लुगडं घेतलं आणि दोरीवर वाळत टाकलं.

तिसऱ्या दिवसापासून उर्वशीनं बाटली घेणंच सोडलं.

आठवडाभरात ती तयार झाली. हात चालायला लागला, ओटी भरायला लागली. संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं इतर बायकांच्या गाठोड्यांच्या बरोबरीनं भरायचं. दुपारी भाकर खाताना ती दोन घोट पाणी घ्यायची आणि तांब्या पुढे सरकवायची. रुखमाबाईला समाधान वाटायचं. पोरगी शिकली, असं ती मैनाबाईला म्हणाली. मैनाबाई तिच्याच वयाची, तिच्यासारखीच पंचवीस वर्षं वाकून वाकून पाठीत बाक आलेली. ती म्हणाली, शिकावंच लागते.

दीपा पुऱ्यातलीच. गावची आशाताई होती. एका संध्याकाळी ती उर्वशीचं कार्ड भरायला आली. लोहाच्या गोळ्या घेतं का, झोप येते का, पायावर सूज हाये का, असं एकेक विचारत गेली. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं म्हणून उर्वशीनं त्या केव्हाच बंद केल्या होत्या. पण ती घेते म्हणाली. दिवसाला पाणी किती पितेस, असं दीपानं विचारलं तेव्हा उर्वशीनं सासूकडे बघितलं.

"पेते ना," रुखमाबाईच म्हणाली.

दीपानं तसं लिहून घेतलं. खरं काय ते तिलाही ठाऊक होतं. दिवसभर गावात फिरताना तीही पाणी टाळायची. पुऱ्यात घरोघर संडास बांधून मिळाले होते, पण खड्डे कंबरभरही नव्हते आणि टाकायला पाणी नव्हतं. रुखमाबाईच्या संडासात कुटार, गुरांचा भुसा, भरलेलं होतं. बायका पहाटे उजाडायच्या आत रोडाकडे जात आणि मग अंधार पडेपर्यंत थांबत. हे सगळं लिहायला दीपाच्या कार्डात रकाना नव्हता.

दिवाळीच्या आधी विमलताईंनी गहू निवडायला रुखमाबाईला घरी बोलावलं. विमलताईंच्या जवळ पाण्याची मोठी बाटली होती, तिच्यावर रेघा मारलेल्या. दहा वाजता इथपर्यंत, बारा वाजता इथपर्यंत. मागच्या वर्षी त्यांना मुतखडा झाला होता, लघवीला आग व्हायची, ताप यायचा. यवतमाळच्या डॉक्टरनं तासातासाला पाणी प्यायला सांगितलं होतं, तेव्हापासून त्रास गेला. त्यांनी हे सगळं आपुलकीनं सांगितलं आणि म्हणाल्या, तुम्ही तर उन्हात राबता, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त प्यायला पाहिजे. रुखमाबाई हो बाई म्हणाली. गहू निवडून होईपर्यंत विमलताई तीनदा उठून आत जाऊन आल्या. खोलीला लागूनच संडास होता, नळाचा आवाज ओसरीपर्यंत यायचा. तिन्ही वेळा रुखमाबाईचे हात सुपावर थांबले.

दिवाळी झाली आणि उर्वशीला आग व्हायला लागली. आधी तिनं सांगितलंच नाही. एका पहाटे रोडाकडून येताना ती वाटेतच बसली आणि ओठ चावत म्हणाली की, आत्याबाई, जळून राह्यलं. रुखमाबाईनं संध्याकाळी धने-जिरे भिजवून त्याचं पाणी दिलं. हे दुखणं तिच्या ओळखीचं होतं. तिला स्वतःला पाच-सहा वेळा झालं होतं, एकदा तर लघवीतनं रक्त गेलं होतं आणि तरी ती वेचायला गेली होती. बाईच्या जातीला हे असतंच, चार दिवसांनी उतरतं, असं ती समजत आली होती. आपल्या अंगानं जे सोसलं त्याच मापानं तिनं सुनेचं दुखणं मोजलं.

पण ते उतरलं नाही. पाठीत दुखू लागलं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. आरोग्य केंद्र दोन कोसांवर, सकाळी उघडायचं आणि दुपारी बंद व्हायचं. वेचणी ऐन भरात होती. एक दिवस चुकला की पात दुसऱ्या बाईकडे जाते, आणि गेलेली पात मालक पुन्हा देईलच असं नाही. म्हणून शनिवारच्या बाजारात जो डॉक्टर बसायचा त्याच्याकडे रुखमाबाई तिला घेऊन गेली. त्यानं काही विचारलं नाही. बाकड्यावर निजवून सलाईन लावली आणि एक सुई टोचली. उर्वशीला तरतरी आली. दोन दिवस तिला ताप नव्हता. रुखमाबाईनं मनातल्या मनात सुटकेचा श्वास टाकला आणि सोमवारी तिला वावरात नेलं.

गुरुवारी, उन्हं अंगावर आलेली असताना, उर्वशीला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. रुखमाबाईनं मागं वळून बघितलं तर ती पातीत गुडघ्यांवर बसलेली, दोन्ही हात पोटाशी. बायकांनी तिला उचलून बंडीपाशी आणलं आणि तिथं रचलेल्या कापसावर टेकवलं. फकिरा हा भगवानरावांचा सालदार. तो जवळ आला, उर्वशीच्या भिजलेल्या लुगड्याकडे त्याची नजर गेली आणि तो चाचरत म्हणाला,

"बाई, खाली काही टाका. कापूस भरन."

तो वाईट माणूस नव्हता. कापसाचा जाब त्यालाच द्यावा लागायचा. रुखमाबाईनं कमरेची ओटी सोडली, तिच्यातला कापूस झटकला आणि ती सुनेच्या अंगाखाली सारली.

मैनाबाई दीपाला बोलवायला गावात पळाली. दीपानं दवाखान्याच्या गाडीसाठी फोन लावला. गाडी यायला सव्वा तास लागला. तोवर बायका उन्हाच्या बाजूनं उभ्या राहून उर्वशीवर सावली धरत होत्या. गाडीत ती सारखी पाणी मागत होती. रुखमाबाईनं तांब्या पुढे केला, तर सोबतचा माणूस म्हणाला, आता तोंडानं काही देऊ नका, डॉक्टर बघतील. नेरला बघितलं आणि तिथनं यवतमाळला पाठवलं. दुपारी उर्वशी बाळंत झाली. मुलगी होती. सहा महिने पुरे होऊन थोडेच दिवस झाले होते. हातात मावेल एवढं ते लेकरू दिवस मावळेपर्यंत श्वास घेत राहिलं आणि मग थांबलं.

उकंडा आणि रोशन नेरहून तसेच कामाच्या कपड्यांत आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी बापलेकांनी ते गाठोडं नेलं आणि माती देऊन परत आले. दोघांच्या नखांत काळी माती होती. रोशन आईच्या समोर येऊन उभा राहिला.

त्याच सकाळी वॉर्डात तरुण डॉक्टरीणबाई कागद भरायला आल्या. आग कधीपासून होती, ताप कधीपासून, हे विचारून झालं. इन्फेक्शन मूत्रपिंडापर्यंत गेलं होतं, त्यातून कळा सुरू झाल्या, असं त्यांनी सांगितलं. अंगात रक्तही कमीच होतं.

"पाणी किती प्यायचीस दिवसाला?"

"सकाळी चहा," उर्वशी म्हणाली. "मंग दुपारी दोन घोट."

"का गं?"

"आत्याबाई म्हणे."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. शाळेतल्या मुलीनं वेळापत्रक सांगावं तसं तिनं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी वर बघितलं.

"मावशी, उन्हात काम करणाऱ्या गरोदर पोरीला तुम्ही पाणी पिऊ देत नव्हता?"

रुखमाबाईजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पराटी वाढली नाही, तारेला वाट नाही, एसटी थांबली होती, लोक हसले होते. पण त्या पांढऱ्या फरशीवर, औषधांच्या वासात, यातलं काहीच तोंडातनं काढण्यासारखं वाटेना. कुठनं सुरू करावं तेही कळेना.

"चुकलं," ती म्हणाली.

आता रोज भरपूर पाणी प्यायचं, असं उर्वशीला सांगून डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे गेल्या. पलीकडची नर्स कोणाला तरी म्हणाली की या लोकांना कितीही सांगा. रुखमाबाई पदर तोंडाला लावून बाहेर पायऱ्यांवर येऊन बसली. रोशन तिच्या मागून आला.

"तू काहून असं सांगितलं तिले?"

उकंडा पायरीच्या कडेला बसला होता. तो एरवी फार बोलायचा नाही.

"तिले कोणी दुसरं काही सांगितलं होतं का?" तो पोराला म्हणाला, आणि उठून पाण्याच्या टाकीकडे हात धुवायला गेला.

आठ दिवसांनी उर्वशी घरी आली. तिला दूध येत होतं. छातीला कापड घट्ट बांधून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. रोशन म्हणाला, यंदा तिनं वावरात जायचंच नाही. रुखमाबाईनं मान डोलावली. पण पंधरा दिवस गेले आणि एका सकाळी उर्वशी स्वतःच भाकर बांधून दारात उभी राहिली. घर खायला उठते, म्हणाली.

दुसरी वेचणी त्याच सकाळी सुरू व्हायची होती. त्याच्या आदल्या संध्याकाळी रुखमाबाई भगवानरावांच्या ओसरीवर गेली होती. ते खाली बसून बोंडं फोडून बघत होते, आत अळी आहे का म्हणून. पुढ्यात किडक्या बोंडांचा लहानसा ढीग झाला होता. पोरीचं वाईट झालं, असं ते आपणहून म्हणाले. रुखमाबाई उभीच राहिली.

"भाऊ, नाल्याच्या अंगानं तारेत एक फट पाहिजे. बाईमाणूस निघन एवढी."

"कायले?"

"बायकायले जाले."

त्यांना समजायला क्षणभर लागला. मग त्यांनी बोंडांकडे बघितलं.

"फट ठेवली का एका दिवसात रोही सफाया करते. तुले का माहीत नाही?"

"दिवसा झटका बंद ठेवा. आम्ही निघालो का फट बांधून घेऊ."

"असं रोज कोण उघडन आन कोण बांधन? आजवर कुठं जात होत्या तुम्ही?"

"पराटीत."

"मंग?"

"यंदा पराटी कुठं हाये, भाऊ?"

भगवानरावांचा चेहरा उतरत गेला. ओसरीवर उभं राहून मजुरीण बाई आपल्या बुडालेल्या पिकाचं बोलते आहे, एवढंच त्यांना ऐकू आलं असावं.

"माह्या पिकाची तू मले याद देऊन राह्यली का?" ते म्हणाले, आणि हातातलं बोंड ढिगावर टाकून आत गेले.

रुखमाबाई मागल्या दाराला गेली. विमलताईंना हे दुखणं ठाऊक आहे, त्या तरी समजतील, असं तिला वाटत होतं. विमलताईंनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणीही आलं. मी सांगून बघते, म्हणाल्या, पण यंदा त्यांचं डोकं ठिकाणावर नाही. मग त्या आत गेल्या आणि एक जुनी नऊवारी घेऊन आल्या. दोघींनी धरलं की आडोसा होतो, असं म्हणत त्यांनी ती रुखमाबाईच्या हातावर ठेवली. लुगडं निळं होतं, फिकं पडलेलं, पण धडधाकट. रुखमाबाई ते घेऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी ती वावरात सगळ्या बायकांच्या देखत तांब्याभर पाणी प्यायली. बायका बघत राहिल्या. तासाभरानं ती हात धुवून उभी राहिली, म्हणाली, मैना, हे धर. मैनाबाईनं लुगड्याचं एक टोक धरलं, उर्वशीनं दुसरं. रोडाकडे निळा पडदा उभा राहिला आणि रुखमाबाई त्याच्यामागं बसली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच ती दिवसाढवळ्या, उन्हात, घाई न करता बसली होती. एक मोटारसायकल हॉर्न वाजवत गेली. मैनाबाईनं पडदा हलू दिला नाही.

मग एकेक बाई पाणी प्यायला लागली. पण एक बाई उठली की तिच्यामागं पडदा धरायला दोघी उठायच्या. तिघींचे हात थांबायचे. असं दिवसातनं कितीतरी वेळा व्हायचं. संध्याकाळी काट्यावर गाठोडी हलकी भरायला लागली. फकिरानं पहिल्या दिवशी नुसतं बघितलं, दुसऱ्या दिवशी मान हलवली. बायका एकमेकींत कुरकुरू लागल्या. चौथ्या दिवशी त्यानं काटा उतरवला आणि सांगितलं की सोमवारपासून तांड्यावरच्या बायका येतील. मालकाचं तसं सांगणं आहे.

घराकडे येताना पुऱ्याच्या तोंडाशी मैनाबाई थांबली.

"तुह्या सुनेपायी आमची पात गेली, रुखमे."

बाकीच्याही तिथंच उभ्या होत्या. त्यांतल्या दोघींच्या घरात दुसरं कमावणारं माणूस नव्हतं. रुखमाबाईनं ऐकून घेतलं. मैनाबाईचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तिला राग धरता येईना. उर्वशी दोन पावलं मागं होती. तिनं पायातली चप्पल काढली, पुन्हा घातली आणि घराकडे चालू लागली.

सोमवारी सकाळी तांड्यावरच्या बायका रोडानं येताना दिसल्या. पुढं बसंतीबाई होती, त्यांची मुकादमीण. रुखमाबाई रोडाच्या कडेला उभी होती. दोघी एकमेकींना बाजारातनं ओळखायच्या. बसंतीबाईची मान जरा अवघडली. तिला वाटलं असावं, ही आता शिव्या देईल. रुखमाबाईनं घडी केलेलं निळं लुगडं तिच्यापुढं धरलं. तिथं आडोसा नाही, असं तेवढंच सांगितलं. बसंतीबाईनं वावराकडे बघितलं, कमरेएवढ्या झाडांकडे, तारेकडे. तिला दुसरं काही विचारावं लागलं नाही. तिनं लुगडं काखोटीला मारलं आणि आपल्या बायका घेऊन ती आत गेली.

त्या आठवड्यात रुखमाबाई चार गावं फिरली. शेवटी नाल्याच्या पलीकडे, दीड कोसावर, देवराव नावाच्या माणसाचं वावर मिळालं. लहानसं होतं, मुरमाड. बोंडं विरळ, एक ओटी भरायला दुपार व्हायची. पण एका अंगाला झुडपी जंगल होतं आणि देवराव स्वतःच गरीब माणूस, त्यानं कुठं तार ओढलेली नव्हती. अकरांपैकी सहाजणी आल्या. मैनाबाई पहिल्या दिवशी आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वाट चालताना रुखमाबाईनं मागं बघितलं तर ती येत होती, पन्नास पावलांचं अंतर ठेवून. रुखमाबाईनं चाल धीमी केली, पण थांबली नाही. थांबली असती तर मैनाबाईला काही बोलावं लागलं असतं.

त्या दिवशी थंडी होती तरी अकराच्या पुढे ऊन चढलं. रुखमाबाईनं घागर सावलीला ठेवली होती. तिनं ग्लास भरला, पातीतनं चालत सुनेपर्यंत गेली आणि पुढं धरला.

"पे."

उर्वशीनं ग्लासाकडे बघितलं, मान हलवली आणि पुढचं बोंड ओढलं.

"पे वं. इथं काही भेव नाही. ते झुडपं हायेत ना."

"भेवासाठी नाही, आत्याबाई."

"मंग?"

उर्वशीचे हात थांबले. तिनं काही आठवायचा प्रयत्न करावा तसं कपाळ आक्रसलं.

"मले तहानच नाही लागत आता," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईनं सांगितलं तवापासून रोज पाह्यतो मी. लागतच नाही."

रुखमाबाई ग्लास धरून उभी राहिली. बापाच्या दारातल्या हातपंपावर ओंजळीनं पाणी पिणारी ही पोरगी. तिला न प्यायला शिकवायला एक आठवडा लागला होता. आता उलटं शिकवायला किती लागेल याचा अंदाज तिला येईना. तिला स्वतःला तरी शेवटची तहान कधी लागली होती, हेही आठवेना.

बाकीच्या बायका वेचत वेचत पुढे सरकल्या होत्या. मैनाबाईनं एकदा मागं वळून बघितलं. मग ती रुखमाबाईच्या रिकाम्या पातीत शिरली आणि आपल्या पातीबरोबर तीही वेचू लागली.

रुखमाबाई मातीत बसली. सुनेचा हात धरून तिनं तिला शेजारी बसवलं. तिच्या बोटांना नख्यांचे ओरखडे होते, काही जुने, काही आजचे. त्या बोटांत तिनं ग्लास दिला.

"नाही लागली तरी पे. औषिद समजून पे."

उर्वशीनं एक घोट घेतला आणि तोंडात धरून ठेवला, कडू असल्यासारखा. मग गिळला. ग्लास खाली ठेवायला लागली तशी रुखमाबाईनं आपला तळवा ग्लासाच्या बुडाखाली लावला.

"अजून," ती म्हणाली.